जुन्या रिव्हॉल्व्हरचं उडालेलं ब्लूइंग: रस्ट ब्लूइंगची पूर्ण कृती

वर्षानुवर्षं होल्स्टरमधून आत-बाहेर झालेल्या रिव्हॉल्व्हरचं ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर काळा संरक्षक थर, ठरावीक जागी उडतं. नळीच्या तोंडाशी, सिलिंडरच्या पुढच्या कडांवर आणि मुठीच्या मागच्या पट्टीवर, जिथे तळहाताचा घाम लागतो. तिथे उघडं, राखाडी पोलाद दिसायला लागतं आणि एखाद्या दमट आठवड्यात त्यावर तांबूस ठिपके उमटतात. हा लेख अशाच एका हत्याराबद्दल आहे: स्मिथ अँड वेसनचं .३८ कॅलिबरचं मिलिटरी अँड पोलीस. ते १८९९ साली बाजारात आलं आणि १९५७ पासून 'मॉडेल १०' या नावाने ओळखलं जातं. अमेरिकेतल्या पोलीस खात्यांनी ते कित्येक दशकं वापरलं, त्यामुळे तिथे वापरलेली आणि घासलेली मॉडेल १० सहज मिळतात. इतर जुन्या पोलादी हँडगनलाही यातली बहुतेक कृती लागू पडते. फक्त सुटे करण्याची पद्धत त्या त्या मॉडेलची बघावी लागेल.

कायद्याची बाजू आधी. अमेरिकेत स्वतःच्या मालकीच्या हत्याराचं फिनिश स्वतः बदलायला फेडरल परवाना लागत नाही. दुसऱ्यांची कामं धंदा म्हणून घ्यायची तर लागतो. राज्याराज्यांत हत्यार बाळगण्याचे नियम वेगळे आहेत, ते आपापल्या राज्याचे बघून घ्या. भारतातली गोष्ट वेगळी आहे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ खाली दुरुस्तीसाठीही परवाना लागतो. तेव्हा पुण्या-मुंबईत, नागपुरात किंवा गोव्यात ज्यांच्याकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे त्यांनी हे काम घरी करू नये, परवानाधारक शस्त्र-दुरुस्ती करणाऱ्याकडे द्यावं. त्याच्याशी नीट बोलता यावं, काय करून घ्यायचं आणि काय करू द्यायचं नाही हे कळावं, यासाठी मात्र पुढचं सगळं उपयोगी आहे. आणि दोन्ही देशांत एक गोष्ट गुन्हाच आहे: सीरियल नंबर पुसट करणं. पॉलिश करताना नकळत पुसट झाला तरी तुम्हालाच उत्तर द्यावं लागेल. मॉडेल १० चा नंबर मुठीच्या बुडाशी असतो. त्या पृष्ठभागाला पॉलिश पेपर लावायचाच नाही.

करावं की नाही

ज्याला संग्राहक मूळ फिनिश म्हणतात ते घासलेलं असलं तरी मौल्यवान असतं. युद्धपूर्व काळातलं, मूळ डबा आणि कागदपत्रं असलेलं किंवा १९३५ च्या रजिस्टर्ड मॅग्नमसारखं दुर्मिळ हत्यार नव्याने ब्लू केलं की त्याची किंमत घटते, आणि ती परत येत नाही. अशा हत्याराला फक्त तेल आणि स्वच्छता. वरवरचा गंज असेल तर पातळ तेलात भिजवलेली ०००० नंबरची स्टील वूल हलक्या हाताने फिरवा. गंज निघतो आणि खालचं ब्लूइंग जवळपास तसंच राहतं. पुष्कळ हत्यारं एवढ्यावरच बरी दिसायला लागतात, म्हणून कुठल्याही परिस्थितीत सुरुवात इथूनच करा.

पोलिसी वापरातलं, मूळ फिनिश अर्ध्याहून अधिक गेलेलं, किंवा आधीच कुणीतरी वाईट पद्धतीने ब्लू केलेलं मॉडेल १० असेल तर बिनदिक्कत हात घाला.

खड्डे कुठे आहेत तेही बघा. बाहेरच्या बाजूला असतील तर प्रश्न दिसण्यापुरता आहे. सिलिंडरच्या चेंबरमध्ये (काडतुसं बसतात त्या भोकांत), नळीच्या आत किंवा सिलिंडरच्या वरून जाणाऱ्या फ्रेमच्या पट्टीच्या खालच्या अंगाला खोल खड्डे असतील, तर तो मजबुतीचा प्रश्न आहे. फिनिशचा विचार सोडून आधी गनस्मिथला, म्हणजे शस्त्र-दुरुस्ती करणाऱ्याला, दाखवा.

कुठली पद्धत

ब्लूइंग हा रंग नव्हे. पोलादाच्या पृष्ठभागाचंच काळ्या लोह-ऑक्साइडमध्ये, म्हणजे मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर झालेलं असतं. थर अगदी पातळ असतो, म्हणून खालचा प्रत्येक ओरखडा त्यातून दिसतो. कारखान्यात अलीकडच्या काळात हे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या द्रावणात करतात. त्याला हॉट ब्लूइंग म्हणतात. चकचकीत, खोल काळा रंग येतो. पण उकळता कॉस्टिक अंगावर उडाला तर कातडी आणि डोळे दोन्ही जातात, त्यामुळे घरच्या गॅरेजमध्ये याचा विचारही करू नये.

कोल्ड ब्लू म्हणजे बाटलीतून बोळ्याने लावायचं द्रावण. बर्चवुड केसीचं पर्मा ब्लू, ब्राउनेल्सचं ऑक्सफो-ब्लू ही त्यातली नेहमीची नावं. यात ऑक्साइड तयार होत नाही, तांबं आणि सेलेनियमच्या संयुगांचा पातळ काळा थर बसतो. स्क्रूचं डोकं, एखादी कड, नखाएवढा डाग यासाठी ठीक. आख्ख्या रिव्हॉल्व्हरवर तो ढगाळ दिसतो, होल्स्टरमध्ये लवकर घासला जातो आणि गंजापासून फारसा वाचवत नाही.

घरी करण्याजोगी आणि खरोखर टिकणारी पद्धत म्हणजे रस्ट ब्लूइंग. पोलादावर मुद्दाम बारीक, सारखा तांबडा गंज चढवायचा, तो उकळत्या पाण्यात काळ्या ऑक्साइडमध्ये बदलायचा, वरची सुटी काजळी झाडायची, आणि हेच सहा ते आठ वेळा करायचं. रंग मऊसर, सॅटिन येतो, कारखान्याच्या चकचकीत निळ्यासारखा नाही. हे आधीच मान्य करून कामाला लागा. टिकायला मात्र तो उत्तम.

यातलं काहीही ॲल्युमिनियमवर किंवा स्टेनलेसवर चालत नाही. मॉडेल १२ एअरवेटची फ्रेम ॲल्युमिनियमची आहे आणि मॉडेल ६४ स्टेनलेस आहे. चुंबक लावून बघा, पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण बरंच स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं. मॉडेल नंबर सिलिंडर उघडल्यावर फ्रेमवर दिसतो.

सुटे करणं

सिलिंडर उघडा, सगळे चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसेल असा सपाट पात्याचा गनस्मिथ स्क्रूड्रायव्हर घ्या. साधा, निमुळत्या पात्याचा वापरलात तर खाचेचे ओठ उलटतात आणि बाकी सगळं काम चांगलं झालं तरी नजर तिथेच जाते.

मुठीचा स्क्रू तीन-चार फेरे सैल करा आणि त्याच्या डोक्यावर हलकं ठोका, म्हणजे पलीकडची लाकडी पट्टी सुटेल. ती खरवडून उचकटू नका. मग मुठीच्या पुढच्या पोलादी पट्टीतला स्ट्रेन स्क्रू सैल करून मुख्य स्प्रिंगचा ताण काढा. साइडप्लेटचे, म्हणजे फ्रेमच्या बाजूच्या झाकणाचे, स्क्रू काढताना प्रत्येकाची जागा लिहिलेल्या डबीत ठेवा. पुढचा स्क्रू योक (सिलिंडर ज्यावर बाहेर झुलतं तो बिजागरीसारखा भाग) धरून ठेवतो, त्याचं टोक त्यासाठी बसवलेलं असतं, आणि तो दुसऱ्याच्या जागी गेला की सिलिंडर अडकतो किंवा ढिला होतो.

साइडप्लेट कधीही फटीत पातं घालून उचलायची नाही. प्लेट वर राहील असं रिव्हॉल्व्हर हातात धरा आणि मुठीच्या पोलादी पट्टीवर प्लास्टिकच्या हातोडीने टकटक करत राहा. प्लेट आपोआप वर येते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मॉडेलमध्ये आत हॅमर ब्लॉक नावाची पातळ पट्टी मोकळीच असते. रिव्हॉल्व्हर पडल्यावर गोळी सुटू नये यासाठी ती आहे. जोडताना ती राहिली तर रिव्हॉल्व्हर चालतं, म्हणूनच ती विसरणं धोक्याचं. रिबाउंड स्लाइडची, म्हणजे ट्रिगर परत पुढे ढकलणाऱ्या भागाची, स्प्रिंग दाबातली आहे. चष्मा लावा आणि काढताना वर कापड धरा.

सिलिंडरही पूर्ण सुटं करावं लागतं, नाहीतर उकळताना पाणी आत शिरून स्प्रिंगपाशी अडकतं. एक्स्ट्रॅक्टर रॉडचे (रिकाम्या केस बाहेर ढकलणाऱ्या दांड्याचे) आटे साधारण १९६० च्या आसपासपासून उलटे, म्हणजे डावे आहेत; त्याआधीच्यांचे सरळ. फिरत नसेल तर जोर लावण्याआधी हे आठवा. रॉड फिरवताना दोन-तीन चेंबरमध्ये काडतुसाची रिकामी केस घालून ठेवा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीवर पिळ बसत नाही. नळी फ्रेममधून काढायची गरज नाही. हॅमर आणि ट्रिगरवर केस-हार्डनिंगचे (पृष्ठभाग कडक करण्याच्या प्रक्रियेचे) मूळ रंग असतात, ते बाजूला ठेवा. ते ब्लू केलेले दिसले की जाणकाराला हत्यार बिघडवलेलं लगेच कळतं.

जुनं ब्लूइंग काढणं

पॉलिश पेपरने जुनं ब्लूइंग घासून काढायला गेलात तर विनाकारण पोलाद जातं आणि अक्षरं झिजतात. ते रसायनाने काढा. फ्रेम, सिलिंडर, योक आणि साइडप्लेट ५ टक्क्यांच्या साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा. वीस ते तीस मिनिटांत काळा रंग सैल होतो, तो नायलॉनच्या ब्रशने पुसून निघतो. रात्रभर विसरू नका, पोलाद खरबरीत होतं. स्प्रिंग्ज कुठल्याही आम्लात घालू नका. कडक पोलाद आम्लातला हायड्रोजन शोषतं आणि नंतर एक दिवस ठिसूळ होऊन तुटतं. जोरकस म्युरिॲटिक ॲसिडच्या वाटेला जाऊ नका, त्याच्या वाफेने खोलीतली सगळी हत्यारं गंजतात.

बाहेर काढल्यावर लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून धुवा, साध्या पाण्याने खळबळा आणि लगेच हेअर ड्रायरने सुकवा. उघडं पोलाद काही मिनिटांत पिवळसर होतं. ही किंचित झाक पुढे पॉलिशमध्ये निघून जाते.

पॉलिश: रंग इथे ठरतो

रसायन बाटलीतून निघण्याआधी तुमचं फिनिश कसं दिसणार हे ठरलेलं असतं. वेळेचा मोठा भाग इथेच घालवा.

बफिंगचं चाक लावू नका. चाक कडा गोल करतं, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पाडतं आणि रोल-मार्क, म्हणजे कारखान्यात ठसवलेली अक्षरं, अर्धे खाऊन टाकतं. हाताने करायचं. सपाट जागांसाठी वॉटर पेपर कडक आधारावर गुंडाळा: सपाट पोलादी पट्टी, कडक लाकडाचा ठोकळा किंवा बोथट फाइल. बोटाखाली पेपर धरून घासलंत तर बोटाचा मऊ गर अक्षरांच्या खाचेत शिरतो आणि त्यांचे काठ गोल होतात. नळीच्या गोलाईवर पेपरची पट्टी आडवी ओढत घासा, पण शेवटचे हात नळीच्या लांबीच्या दिशेने द्या. सिलिंडरच्या खोबणींसाठी त्याच मापाचा लाकडी दांडा.

साइडप्लेट जागेवर बसवून आणि स्क्रू घट्ट करून मगच तो भाग पॉलिश करा. सुटी घासलीत तर तिच्या कडा खाली जातात, आणि परत बसवल्यावर फ्रेमशी जी फट जवळपास दिसतच नाही ती ठळक होते. प्लेटवरचा शिक्का उथळ असतो. तिथे दोन-चार हातांपुढे जाऊ नका.

खड्डे असतील तरच २२० ग्रिटच्या (खरखरीतपणाच्या नंबरच्या) पेपरपासून सुरू करा, नाहीतर थेट ३२०. एका ग्रिटचे हात एका दिशेने, पुढच्या ग्रिटचे त्याला काटकोनात. आधीच्या रेघा पूर्ण गेल्या की नाही हे त्यामुळे कळतं. ४०० वर थांबा. आरशासारखं चकचकीत केलंत तर द्रावण पोलादाला नीट चावत नाही आणि गंज तुकड्यातुकड्यांनी येतो. खोल खड्डा पूर्ण घासून काढण्याच्या नादात आजूबाजूला दरी पडते. एखादा खड्डा राहू द्या, त्याने काही बिघडत नाही. सपाट बाजूवरची लाट मात्र उजेडात दुरून ओळखू येते.

काही जागांना हात लावायचाच नाही. सिलिंडरचा पुढचा चेहरा आणि नळीची मागची कड यांच्यात अंदाजे ०.१ ते ०.२५ मिलिमीटर फट असते. ती वाढली की गरम वायू आणि शिशाचे कण जास्त उडतात. सिलिंडरच्या चेहऱ्यावरच्या काळ्या वर्तुळांचा गोळीबाराखेरीज कशाशी संबंध नाही, ती तशीच राहू द्या. सिलिंडर अडवणाऱ्या खाचा, मागचे दाते, योकचा दांडा, नळीच्या तोंडाची कड (क्राउन) आणि आतले सगळे घासणारे पृष्ठभाग हेही तसेच.

तेल काढणं

ॲसिटोनने दोनदा पुसा. मग नवे नायट्राइलचे हातमोजे घाला आणि इथून पुढे उघड्या हाताने भागांना शिवू नका. भांडी घासायच्या लिक्विडने गरम पाण्यात घासून धुवा आणि एकदा साध्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. नळी जिथे फ्रेममध्ये आटलेली आहे त्या सांध्यात कित्येक वर्षांचं तेल असतं, ते या उकळीत वर येतं. ते आत्ता निघालं नाही तर तिसऱ्या फेरीत तिथे राखाडी डाग उमटेल.

चाचणी सोपी आहे. भाग नळाखाली धरा. पाणी सलग चादरीसारखं पसरलं तर ठीक. कुठेही ते तुटून थेंब झाले तर तिथे तेल आहे, पुन्हा धुवा.

नळीच्या आतल्या बाजूला आणि चेंबरना पातळ स्पार व्हार्निशचे दोन हात देऊन पूर्ण वाळू द्या. हे करताना बाहेर सांडलेलं व्हार्निश ॲसिटोनने लगेच पुसा, नाहीतर तिथे गंज धरणार नाही. दोन्ही टोकं बुचाने बंद करून नळी उकळू नका, आत कोंडलेली हवा तापून बूच उडवते.

गंज चढवणं

द्रावण तयार घ्या. पिल्किंग्टन, ब्राउनेल्सचं क्लासिक रस्ट ब्लू, लॉरेल माउंटन फोर्ज अशी चांगली उत्पादनं अमेरिकेत मिळतात. नायट्रिक ॲसिड आणून जुन्या कृतींप्रमाणे घरी मिसळायचा मोह टाळा. थोडं द्रावण वेगळ्या काचेच्या वाटीत घ्या. वापरलेला बोळा बाटलीत बुडवला की बाटलीतलं द्रावण खराब होतं.

कापसाचा बोळा भिजवून जवळजवळ कोरडा होईपर्यंत पिळा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच लांब हात, शेजारी दुसरा. पृष्ठभाग ओला नव्हे, किंचित दमट दिसला पाहिजे. नवशिके बिघडवतात ते इथेच. जास्त द्रावण ओघळतं, कडेशी साचतं, तिथे जाडसर गंज येतो आणि कधी तांब्याच्या रंगाच्या रेघा पडतात. पुन्हा त्याच जागेवर हात फिरवून 'सारखं' करू नका.

आता दमट हवा लागते: तापमान २७ ते ३२ अंश, आर्द्रता ७० ते ८० टक्के. कोकणात पावसाळ्यात ही हवा फुकट असते. न्यू जर्सी किंवा मिशिगनच्या हिवाळ्यात हीटर लावलेल्या घरात ती बनवावी लागते. झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या. तळाशी एका ट्रेमध्ये कोमट पाणी, त्यात अक्वेरियमचा छोटा हीटर पूर्ण बुडवून, झाकणाला हुक आणि आत स्वस्तातलं हायग्रोमीटर. भाग एकमेकांना किंवा भिंतीला न टेकता टांगा. लोखंडी किंवा स्टेनलेस तार चालते, तांब्याची नको. भागांवर पाण्याचे थेंब जमायला लागले तर आर्द्रता जास्त आहे, झाकण थोडं उघडा. प्रत्येक थेंबाखाली एक खड्डा पडतो.

बाटलीवर लिहिलेली वेळ पाळा. द्रावणानुसार ती तीन तासांपासून रात्रभरापर्यंत असते, पण तासाला एकदा बघत राहा. हवा तो गंज बारीक, मखमली, केशरी धुळीसारखा असतो. खवले किंवा फोड दिसले तर उशीर झाला. सिलिंडर आणि फ्रेमचं पोलाद वेगळं असल्याने एक आधी गंजतं. जे आधी तयार होईल ते आधी बाहेर काढा.

उकळणं आणि झाडणं

आठ-दहा लिटरचं स्टेनलेसचं पातेलं चार इंची नळीच्या मॉडेल १० ला पुरतं. ॲल्युमिनियमचं नको, आणि हे पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही. पाणी डिस्टिल्ड हवं. किराणा दुकानात ते गॅलनच्या, म्हणजे सुमारे ३.८ लिटरच्या कॅनमध्ये मिळतं. नळाच्या पाण्यातले क्षार आणि क्लोरीन डाग पाडतात. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावरच भाग तारेला टांगून आत सोडा, तळाला टेकू देऊ नका, आणि वीस मिनिटं उकळी मोडू देऊ नका. केशरी गंज डोळ्यांदेखत काळा पडत जातो. तपकिरी राहिला तर उकळी कमी पडली, आणखी दहा मिनिटं ठेवा.

बाहेर काढल्यावर भाग स्वतःच्या उष्णतेनेच सुकतो. त्यावर काळी मखमल दिसते. ती सुटी काजळी झाडायची असते, यालाच कार्डिंग म्हणतात. सुमारे ०.०६ मिलिमीटर तारेचं मऊ कार्डिंग व्हील ३०० ते ६०० फेऱ्यांवर चालवा, किंवा ॲसिटोनमध्ये धुऊन वाळवलेली ०००० स्टील वूल हलक्या हाताने फिरवा. दुकानातून आणलेल्या स्टील वूलला तेल असतं. ती न धुता वापरली तर सगळं काम तिथेच खलास. जोर नको: काजळी गेली आणि खालचा घट्ट राखाडी थर दिसला की थांबा.

पहिल्या फेरीनंतर रंग फिका, ठिगळाठिगळांचा दिसेल. तो तसाच असतो. दुसऱ्या फेरीत राखाडी गडद होतो, चौथ्याच्या सुमारास ठिगळं एकमेकांत मिसळतात, सहाव्या-आठव्यापर्यंत निळसर काळा येतो. लागोपाठ दोन फेऱ्यांत रंग बदलला नाही की काम झालं. त्यापुढे केलंत तर पृष्ठभाग नुसता खरबरीत होत जातो. मध्येच एखाद्या जागी राखाडी डाग अडून बसला तर तिथे तेल आहे. तो भाग ॲसिटोनने आणि गरम साबणाच्या पाण्याने धुवा आणि पुढची फेरी नेहमीसारखी करा, फक्त तिथेच द्रावण जास्त चोपडू नका.

थांबवणं, जोडणं, ठेवणं

शेवटच्या झाडणीनंतर डिस्टिल्ड पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा, मग साध्या डिस्टिल्ड पाण्यात एकदा. आम्ल राहिलं तर गंज चालूच राहतो. भाग गरम असतानाच सगळीकडे भरपूर तेल लावा आणि चोवीस तास तसेच ठेवा. ताजं ब्लूइंग सच्छिद्र असतं, ते तेल पितं. नळीतलं आणि चेंबरमधलं व्हार्निश ॲसिटोनने काढून पांढऱ्या चिंधीवर काही उमटत नाही तोपर्यंत पुसा. चेंबरमध्ये व्हार्निशचा थर राहिला तर काडतूस अडकतं.

स्क्रूची डोकी कोल्ड ब्लूने करा. तेल काढा, ड्रायरने हाताला गरम लागेल इतके तापवा, कापसाच्या काडीने द्रावण लावा, अर्ध्या-एक मिनिटाने पाण्याने धुवा, ०००० ने पुसा, तीन-चार वेळा. सेलेनियम विषारी आहे, हातमोजे आणि खेळती हवा इथेही हवीच.

जोडताना हॅमर ब्लॉक जागेवर आहे ना ते बघा, योकचा स्क्रू त्याच्याच भोकात घाला, स्ट्रेन स्क्रू पूर्ण आवळा. अर्धवट सैल राहिला तर काडतुसावरचा फटका हलका बसतो आणि गोळी सुटत नाही. रेंजवर नेण्याआधी सिलिंडरचं टायमिंग (चेंबर नळीच्या बरोबर समोर येतं की नाही) आणि हॅमर ब्लॉक गनस्मिथकडून तपासून घ्या.

पहिला आठवडा रोज बघा. नळी-फ्रेमचा सांधा, मागच्या दृष्टिखाचेचे कोपरे आणि साइडप्लेटची फट इथे केशरी रेघ उमटू शकते. तेलाच्या चिंधीने पुसा, पुन्हा तेल लावा. आठवड्याभरात ते थांबतं. चामड्याच्या होल्स्टरमध्ये साठवून ठेवू नका. कमावलेल्या चामड्यातले क्षार आणि त्याने धरलेला ओलावा नव्या ब्लूइंगलाही खातो. पातळ तेलाचा हात देऊन, सिलिका जेलची पिशवी ठेवलेल्या कुलूपबंद तिजोरीत, काडतुसांपासून वेगळं ठेवा.